केस इंटरव्ह्यूमधला बुडीत खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चगेटचं जमनालाल बजाज, अंधेरीचं एस. पी. जैन, पार्ल्याचं नरसी मोनजी, पवईतलं आयआयटीचं शैलेश मेहता स्कूल आणि तिथलंच आयआयएम मुंबई. प्लेसमेंट जवळ आली की मुंबईतल्या या सगळ्या व्यवस्थापन संस्थांत केसचा, म्हणजे मुलाखतीत एखाद्या कंपनीची अडचण सोडवून दाखवण्याचा, सराव सुरू होतो आणि एक प्रश्न हमखास अडतो: प्रकल्पावर आधीच होऊन गेलेल्या खर्चाचं करायचं काय? ‘सन्क कॉस्ट आहे, सोडून द्या’ हे उत्तर बहुतेकांना पाठ असतं. मात्र ते देऊन झाल्यावर खरं काम सुरू होतं, आणि सरावात सर्वात कमी लक्ष तिथेच दिलं जातं. म्हणून या पानावर त्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

सन्क कॉस्ट म्हणजे नेमकं काय?

होऊन गेलेला आणि आता कोणताही निर्णय घेतला तरी परत न येणारा खर्च. प्रकल्प पुढे न्या, बंद करा किंवा विका, तो रुपया तिन्ही वाटांवर सारखाच गेलेला असतो. त्यामुळे वाटांची तुलना करताना त्याचा उपयोग नाही.

मग मुलाखत घेणारे हा आकडा केसमध्ये घालतातच कशाला?

दोन कारणांसाठी. पहिलं उघड आहे: तुम्ही तो नकळत बेरजेत धरता का, हे त्यांना पाहायचं असतं. दुसरं कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ‘कंपनीने आतापर्यंत ६० कोटी घातले आहेत’ असं ऐकल्यावर तुम्ही लगेच ‘हे सोडतो’ म्हणता, की ‘या ६० कोटींतून आज हाताशी काय उरलं आहे?’ असं विचारता, यावरून ते तुम्हाला जोखतात. पहिल्या प्रकारच्या उमेदवाराने एक व्याख्या वाचलेली असते. दुसऱ्यासोबत क्लायंटकडे जाता येतं.

शिवाय हा आकडा बहुधा सरळ समोर ठेवला जात नाही. तो वाक्यांत लपलेला असतो: ‘बाजार-सर्वेक्षण पूर्ण झालं आहे’, ‘गेल्या वर्षी मशीन मागवलं’, ‘जागा आधीपासून भाड्याने घेतलेली आहे’. अशा प्रत्येक वाक्यावर थांबून एक खूण करून ठेवा.

कोणता खर्च बुडाला आणि कोणता नाही, हे ओळखायचं कसं?

‘पैसे खिशातून गेले का?’ ही चाचणी चुकीची आहे. ‘मी निर्णय बदलला तर हा रुपया बदलतो का?’ असं विचारा. हा फरक नीट कळावा म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कार्यालयाचं उदाहरण घेऊ. कंपनीला ती शाखा चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायचं आहे. घरमालकाला दिलेलं डिपॉझिट खिशातून कधीच गेलं आहे, पण जागा सोडली की ते परत मिळतं. म्हणजे ते बुडालेलं नाही. शाखा चालू ठेवली तर ते अडकून राहतं, आणि त्यावर मिळू शकणारं उत्पन्न ही शाखा चालू ठेवण्याची किंमत ठरते. पार्टिशन, फॉल्स सीलिंग आणि भिंतींच्या रंगाचे पैसे मात्र गेले. एसी आणि खुर्च्या यांच्या मध्ये कुठेतरी येतात: भंगारवाला किंवा जुन्या फर्निचरचा व्यापारी जो भाव देईल तेवढे शाबूत, बाकीचे बुडाले.

आता भाडं. करारात तीन वर्षांचा लॉक-इन आहे आणि त्यातलं एक वर्ष बाकी आहे. त्या वर्षाचं भाडं अजून दिलेलं नाही, तरीही शाखा चालवा किंवा बंद करा, ते द्यावंच लागणार आहे. म्हणून निर्णयाच्या हिशोबात त्याला जागा नाही. थोडक्यात, उद्या जाणारा पैसाही आज बुडालेला असू शकतो. याला मी बांधील खर्च म्हणतो. फक्त एक पोटप्रश्न विसरू नका: ती जागा वर्षभरासाठी दुसऱ्या कुणाला देता येईल का? येत असेल, तर त्या दुसऱ्याकडून मिळणारं भाडं हिशोबात परत येतं.

बांधील खर्चाचं महाराष्ट्रातलं एक मोठं उदाहरण म्हणजे गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प. १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याची घोषणा केली, नंतर पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. करार असा होता की वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेपोटी ठरलेला आकार द्यायचा. अशा करारात ‘आज दाभोळची वीज घ्यायची का?’ हे ठरवताना तो स्थिर आकार बाजूला ठेवून फक्त इंधनाचा वाढीव खर्च पाहायचा असतो. ‘करारातून बाहेर पडायचं का?’ असा प्रश्न आला, तर तोच स्थिर आकार मधोमध येऊन बसतो, कारण बाहेर पडल्याने तो बदलू शकतो. एकाच कंपनीचा, एकाच महिन्यातला तोच खर्च एका प्रश्नासाठी बुडीत आणि दुसऱ्यासाठी जिवंत ठरतो. म्हणून निर्णय कोणता घ्यायचा आहे हे पक्कं झाल्याशिवाय कुठल्याही खर्चावर ‘सन्क’ असा शिक्का मारू नका.

गेलेला पैसा खरंच गेला का, हेही तपासावं लागतं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये टाटा मोटर्सने सिंगूर सोडून नॅनोचा कारखाना गुजरातमध्ये साणंदला न्यायचं ठरवलं. सिंगूरच्या जमिनीवर केलेलं काम उचलून नेता येणार नव्हतं, यंत्रं मात्र नेता येत होती. त्या गुंतवणुकीचा एक भाग बुडीत वाटत होता, पण त्याबद्दल कंपनी भांडत राहिली आणि २०२३ मध्ये लवादाने पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने सुमारे ७६६ कोटी रुपये आणि व्याज द्यावं असा निवाडा दिला. केसमध्ये विम्याचा दावा, नुकसानभरपाई, जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला, पुढे वळता होणारा कर) किंवा पुरवठादाराकडून मिळणारा परतावा असं काही असू शकतं का, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. त्याला अर्धा मिनिट लागतो.

एखादी केस आकड्यांसह पूर्ण सोडवून दाखवाल?

नक्की. ही केस मी बनवलेली आहे, आकडे सरावापुरते आहेत आणि कर बाजूला ठेवला आहे.

मुंबईची एक कंपनी भिवंडीत कोल्ड स्टोरेज उभारते आहे. जमीन, सांगाडा आणि मंजुऱ्यांवर ६० कोटी खर्च झाले. काम पूर्ण करायला आणखी ३५ कोटी लागतील. त्यानंतर दर वर्षाअखेर ९ कोटी निव्वळ रोकड मिळेल, सात वर्षं. कंपनी १२ टक्के परताव्याची अपेक्षा धरते. पुढे जावं का?

सात वर्षांसाठी १२ टक्क्यांचा वार्षिकी गुणक, म्हणजे दर वर्षाअखेर मिळणाऱ्या एकेका रुपयाचं मिळून आजचं मूल्य, सुमारे ४.५६ येतो. म्हणजे भावी रोकडीचं आजचं मूल्य ४१.१ कोटी.

पहिला उमेदवार म्हणतो, ६० अधिक ३५ म्हणजे ९५ कोटी खर्च आणि मिळकत ४१ कोटी. तोटा ५४ कोटी, बंद करा. याने बुडीत खर्च धरला. दुसरा म्हणतो, ६० सोडा. ४१.१ वजा ३५, म्हणजे ६.१ कोटी फायदा, पुढे जा. पुस्तकी दृष्टीने हा बरोबर आहे आणि बहुतेक जण इथेच पेन खाली ठेवतात.

तिसरी उमेदवार विचारते, ‘अर्धवट प्रकल्प आहे तसा कुणी विकत घेईल का?’ मुलाखत घेणारे सांगतात, हो, एक लॉजिस्टिक्स कंपनी १८ कोटी द्यायला तयार आहे. ती पुढे विचारते, ‘कंत्राटदाराचं काम मध्येच थांबवलं तर दंड?’ आहे, ४ कोटी. म्हणजे थांबलो तर हातात १४ कोटी निव्वळ येतात. पुढे गेलो तर ६.१ कोटी. उत्तर फिरलं: विका. ज्या ६० कोटींना सगळे बुडीत म्हणत होते, त्यांतले १८ अजून जिवंत होते.

एवढ्यावर थांबलात तरी तुमची मुलाखत चांगली झाली असं मी म्हणेन. पण अजून एक प्रश्न उरतो. सात वर्षांनी जमीन कुठे जाणार? ती आणि इमारत तेव्हा २० कोटींना विकता येईल असं गृहीत धरलं, तर आजचं मूल्य सुमारे ९ कोटी होतं, कारण १२ टक्क्यांनी सात वर्षांनंतरचा रुपया आज सुमारे ०.४५ रुपयाचा. आता पुढे जाण्याची बाजू ४१.१ अधिक ९ वजा ३५, म्हणजे १५.१ कोटी. थांबण्याची बाजू १४ कोटी. पारडं पुन्हा फिरलं, पण जेमतेम १.१ कोटीने.

आता शिफारस काय करायची? ‘पुढे जा’ असं छातीठोक सांगणं इथे धोक्याचं आहे. वार्षिक रोकड ९ कोटींऐवजी सुमारे २५ लाखांनी कमी आली, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी घट झाली, तरी फायदा संपतो. उरलेलं काम ३५ ऐवजी ३६ कोटींच्या थोडं वर गेलं तरीही तेच. काम एक वर्ष लांबलं तर ५०.१ कोटींचं आजचं मूल्य ४४.७ वर येतं, पुढे जाण्याची बाजू ९.७ वर घसरते आणि विकणं स्पष्टपणे सरस ठरतं. भिवंडीत पावसाळ्यात बांधकाम रेंगाळतं, हे सांगायला सल्लागार लागत नाही. म्हणून माझी शिफारस अशी असेल: लॉजिस्टिक्स कंपनीशी बोलणी सुरू ठेवा, मोठ्या ग्राहकांकडून जागा आरक्षित करण्याचे लेखी करार मिळतात का ते पाहा, कंत्राटदाराकडून ठरावीक रकमेची बोली मागा. यातलं काही हाती आलं नाही, तर विका.

उत्तर तीनदा फिरलं, पण त्यातल्या एकाही वेळी ६० कोटींचा आकडा वापरावा लागला नाही, हे वहीत पुन्हा बघून घ्या.

हिशोबपुस्तकात यंत्राची किंमत ४० कोटी दिसते. बंद केलं तर ४० कोटींचा तोटा होईल ना?

हिशोबपुस्तकात तोटा दिसेल, पण रोकड जाणार नाही. ती बरीच आधी गेली. पुस्तकी किंमत ही जुन्या खरेदीतून घसारा वजा करून उरलेली रक्कम असते. आज बाजारात ते यंत्र ५ कोटींना जात असेल तर निर्णयासाठी किंमत ५ कोटी. घसारासुद्धा रोकड नाही, त्यामुळे नफ्याच्या आकड्यातून रोकडीकडे जाताना तो नफ्यात पुन्हा जोडायचा.

मात्र एक विचारून ठेवा: हा तोटा दाखवल्यावर कंपनी बँकेच्या कर्जाची एखादी अट मोडते का? मोडत असेल तर व्याजदर वाढणं किंवा कर्ज लवकर फेडावं लागणं हे परिणाम भविष्यातले आहेत आणि खरे आहेत.

कराचं काय? तो तर जुन्या खर्चावरच मिळतो.

खर्च जुना असला तरी त्यावर मिळणारी करसवलत पुढे मिळते, म्हणून ती हिशोबात येते. बहुतेक केसमध्ये सोपं गणित चालतं: पुस्तकी किंमत ८ कोटी, विक्री ३ कोटी, तोटा ५ कोटी, २५ टक्क्यांनी कर वाचला सव्वा कोटी. भारतात आयकराचा घसारा मालमत्तांच्या गटावर काढला जातो, त्यामुळे गटात इतर यंत्रं असतील तर हा फायदा एकदम न मिळता वर्षानुवर्षं थोडा थोडा मिळतो. मुलाखतीत एवढं एक वाक्य पुरे. त्याहून खोलात गेलात तर वेळ जाईल.

जागा कंपनीचीच आहे, वडिलोपार्जित. मग जागेचा खर्च शून्य धरायचा?

मुंबईत हा प्रश्न हलक्याने घेऊ नये. जमिनीला शंभर वर्षांपूर्वी दिलेली किंमत बुडीत आहे यात वाद नाही. पण जागेची आजची किंमत बुडीत नाही. ती पर्यायी वापराची किंमत आहे आणि ती धरलीच पाहिजे.

गिरणगाव याचा धडा आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या पुस्तकांत जमीन नगण्य किमतीला लिहिलेली होती, म्हणून कापडाच्या धंद्याचा परतावा कागदावर त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा बरा दिसू शकत होता. जमीन बाजारभावाने धरली की तोच धंदा मालकाला तोट्याचा वाटू लागतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं जे झालं त्यात हे गणितही होतं. हजारो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न या गणितात कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून केसमध्ये कामगारांची देणी, पुनर्वसन आणि सरकारी अटी तुम्ही आपणहून काढा. त्या माणुसकीच्या बाजूने महत्त्वाच्या आहेतच, हिशोबातही त्या खऱ्या भावी रकमा आहेत.

शिवाय पर्यायी किंमत म्हणजे क्षेत्रफळ गुणिले आजूबाजूच्या फ्लॅटचा दर नव्हे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला असे वाटे ठरले होते, आणि २००१ मध्ये त्यात मोठा बदल झाला. मालकाच्या हाती प्रत्यक्ष किती येईल, किती वर्षांनी आणि कुठल्या परवानग्यांनंतर, ती रक्कम धरा.

सार्वजनिक प्रकल्पांना हाच नियम लागतो का? मोनोरेलची केस आली तर?

लागतो, फक्त फायद्याच्या बाजूला रोकडीखेरीज बरंच काही येतं. मुंबई मोनोरेलचा चेंबूर ते वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा मार्च २०१९ मध्ये. सगळी मिळून सुमारे २० किलोमीटर. प्रवासी अपेक्षेपेक्षा फार कमी राहिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाड्या व सिग्नल यंत्रणेच्या कामासाठी सेवा थांबवण्यात आली.

अशा केसमध्ये उमेदवार दोन टोकांना जातात. एक म्हणतो, एवढे कोटी घातलेत, चालवायलाच हवी. दुसरा म्हणतो, एवढे कोटी वाया गेले, बंद करा. दोघांनीही बुडीत खर्चावरूनच निकाल लावला आहे, नुसत्या दिशा उलट्या. राग हाही त्या आकड्याला चिकटून राहण्याचाच प्रकार आहे. प्रश्न असे आहेत: नव्या गाड्यांनंतर वर्षाला चालवण्याचा खर्च किती, तिकिटांतून किती, मेट्रोच्या मार्गांशी जोडणी झाल्यावर प्रवासी किती वाढतील, त्या प्रवाशांचा वेळ किती वाचेल, आणि बंद केली तर खांब आणि तुळया पाडण्याचा किंवा सांभाळण्याचा खर्च किती? हा शेवटचा प्रश्न फार थोडे जण विचारतात. बंद करणं फुकट नसतं.

नरिमन पॉइंटच्या मुख्य कार्यालयाचा खर्च प्रकल्पावर वाटून टाकला आहे. तो धरायचा का?

प्रकल्प बंद केल्याने मुख्य कार्यालयाचा एक रुपयाही कमी होत नसेल तर नाही. मोठा प्रकल्प बंद झाल्यावर एक मजला सोडता येणार असेल किंवा दहा जणांना दुसरीकडे खरंच काम असेल, तर तेवढा भाग धरा.

हे एवढं सोपं असेल तर मोठमोठ्या कंपन्या यात का अडकतात?

कारण निर्णय माणसं घेतात आणि माणसाला झालेलं नुकसान कबूल करणं जड जातं. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा १९८५ चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. एका अमेरिकन विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामी तिकीट घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण १५ डॉलर आकारले, काहींना सवलत दिली. पूर्ण पैसे दिलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले. नाटकं तीच होती. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पहिला चुकलेला निर्णय स्वतः घेतलेल्यांनी त्याच पर्यायात पुढे जास्त पैसे घातले. सल्लागारासाठी हे दुसरं निरीक्षण मोलाचं आहे. क्लायंटच्या खोलीत पहिला निर्णय कुणाचा होता, हे आधी माहीत करून घ्या.

पैसे घातलेत म्हणून रेटत नेलेला प्रकल्प म्हणून कॉन्कॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाचं उदाहरण सगळेच देतात. १९६२ चा ब्रिटन-फ्रान्स करार, १९७६ मध्ये प्रवासी सेवा, २००३ मध्ये शेवट. पण ते देताना अर्धी गोष्ट गाळली जाते. १९६४ मध्ये आलेल्या ब्रिटिश सरकारला बाहेर पडायचं होतं, आणि करारात एकतर्फी माघारीचं कलमच नव्हतं. फ्रान्स आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाईल ही भीती होती. म्हणजे तिथे मोहाइतकाच बांधील खर्चही होता. मुलाखतीत कॉन्कॉर्ड काढणार असाल तर एवढं माहीत असू द्या.

क्लायंटला ‘६० कोटी विसरा’ असं तोंडावर सांगायचं?

मुळीच नाही. बऱ्याच केसच्या शेवटी ‘आता मालकांना एका मिनिटात सांगा’ असं म्हणतात, आणि तिथे हुशार मुलंमुली घसरतात. भिवंडीच्या केसमध्ये समोर कंपनीचे संस्थापक आहेत असं धरा. त्यांनी ती जमीन स्वतः फिरून निवडली आहे. ‘सर, दॅट्स सन्क’ हे वाक्य त्यांच्या कानाला ‘तुम्ही पैसे बुडवलेत’ असं लागतं, आणि पुढचं काही ऐकलं जात नाही.

त्याऐवजी असं काहीसं म्हणा: ‘साहेब, आतापर्यंतच्या खर्चातून आपल्याकडे जमीन, उभा सांगाडा आणि सगळ्या मंजुऱ्या आल्या. आज हे सगळं देऊन टाकलं, तर दंड वजा जाऊन १४ कोटी हातात येतात. म्हणजे आज आपल्यापुढचा प्रश्न असा आहे: हे १४ कोटी आणि नवे ३५ कोटी, असे ४९ कोटी घालून ५० कोटींची वस्तू घ्यायची का? घ्यायची असेल, तर त्यासाठी आधी कोणत्या दोन गोष्टी पक्क्या करू?’

यात जुना आकडा आलाच नाही, कुणाचा अपमानही झाला नाही. ४९ ला ५० हे समीकरण कुठल्याही व्यापाऱ्याला ताबडतोब कळतं. संस्थापक म्हणाले, ‘पण माझे ६० कोटी?’ तर टाळू नका. ‘ते दोन्ही वाटांवर सारखेच गेले आहेत, साहेब. त्यांतलं जास्तीत जास्त कोणत्या वाटेने परत येईल, तेच आपण काढतो आहोत.’ हे सांगताना आवाजात घाई नको. माणसाचे पैसे गेलेले असतात, त्याचं दुःख खरं असतं.

जुना खर्च लक्षात घ्यावाच लागतो, असं कधी होतं का?

होतं, आणि हे ओळखणारा उमेदवार उठून दिसतो.

नियंत्रित दरांच्या धंद्यात जुना खर्च थेट भावी उत्पन्नात शिरतो. मुंबईतल्या वीज वितरण कंपन्यांचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, आणि आयोगाने मान्य केलेल्या भांडवली खर्चावर परतावा, घसारा आणि कर्जावरचं व्याज त्या दरांत धरलं जातं. तेव्हा उपकेंद्रावर झालेला खर्च गेला म्हणून त्याकडे पाठ फिरवली, तर पुढच्या वर्षांची आवकच चुकेल. खर्च बुडीत असला तरी त्याच्यावर मिळणारा हक्क बुडीत नाही. टोलरस्ते आणि बंदरं खासगी कंपनीला चालवायला देण्याच्या (कन्सेशन) करारांतही अशी कलमं असू शकतात, म्हणून विचारा.

दुसरी गोष्ट माहितीची. पहिल्या टप्प्याचा अंदाज ४० कोटींचा होता आणि लागले ६०, तर उरलेल्या कामाच्या ३५ कोटींच्या अंदाजावर कितपत विसंबायचं? रक्कम बुडीत आहे, पण ती अंदाज बांधणाऱ्यांबद्दल काही सांगते. तोच दीडपटीचा फरक पुन्हा पडला तर ३५ चे ५२ होतात आणि सगळी चर्चाच संपते.

उलट, ‘एवढा खर्च झालाय, तो वसूल व्हायला किंमत जास्त ठेवली पाहिजे’ हा युक्तिवाद खुल्या बाजारात चालत नाही. ग्राहक तुमचा खर्च बघत नाही, शेजारच्या दुकानातला भाव बघतो.

मुलाखत इंग्रजीत असते. मराठीत विचार करून बोलताना अडखळतो. काय करू?

विचार मराठीतच करा, त्यात काही कमी नाही. हिशोब ज्या भाषेत डोक्यात होतो त्या भाषेत होऊ द्या. फक्त तीन-चार वाक्यं इंग्रजीत तोंडात बसवून ठेवा: हा खर्च दोन्ही पर्यायांत सारखा आहे म्हणून मी तो बाजूला ठेवते, त्यातलं काही विकून परत मिळेल का, थांबण्यासाठी काही खर्च येईल का, हीच मालमत्ता दुसरीकडे कुठे वापरता येईल. हे प्रश्न विचारून थांबा, उत्तराची वाट बघा. भरभर बोलण्यापेक्षा नेमका प्रश्न विचारणारा उमेदवार लक्षात राहतो, मग तो दादरच्या मराठी शाळेतून आलेला असो की परदेशातून.

कागदावर मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे ‘पुढे’, उजवीकडे ‘थांबा’. जो आकडा दोन्हीकडे तोच येतो, त्यावर काट मारा. मुलाखत घेणाऱ्यांना ती काट दिसली की ‘मी सन्क कॉस्ट वगळली आहे’ असं वेगळं सांगावंही लागत नाही.

कॅलक्युलेटर मिळत नाही. कोणते गुणक पाठ करावेत?

थोडेच. पाच वर्षांसाठी १० टक्क्यांना ३.८, १२ टक्क्यांना ३.६ आणि १५ टक्क्यांना ३.३५. दहा वर्षांसाठी १० टक्क्यांना ६.१ आणि १२ टक्क्यांना ५.६५. कायम चालणाऱ्या रोकडीसाठी एक भागिले दर, म्हणजे १२ टक्क्यांना सुमारे ८.३. मधल्या वर्षांचा अंदाज यांच्यामध्ये बसवा आणि तो अंदाज आहे हे बोलून दाखवा. भिवंडीच्या केसमध्ये ४.५६ ऐवजी ४.५ धरलं असतं, तर पुढे जाण्याची बाजू सुमारे साडेचौदा कोटी आली असती आणि फरक अर्ध्या कोटीवर आला असता. दोन पर्याय इतके जवळ असले की मुलाखत घेणाऱ्यांना सांगा, ‘इथे माझा गोळाबेरीज अंदाज पुरणार नाही, हा गुणक नीट काढते’, आणि दोन मिनिटं मागून घ्या. ती दिली जातात.